आवाजाची काटकसर

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, यांच्या घशाची रोज नोंद ठेवा. खोकला किती वेळा आला, गिळताना दुखतं का, थुंकीत रक्त दिसलं का. त्यासाठी नवी वही कशाला आणायची? लेकीच्या शाळेच्या वह्यांतली मागची कोरी पानं काढली, दोऱ्याने शिवली, झाली वही.

खोकला सकाळी सात वेळा, दुपारी चार. रक्त नाही. गिळताना "किंचित" दुखतं म्हणाले, म्हणजे बरंच दुखत असणार.

दवाखान्यातला अर्ज मीच भरला. 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन अडलं. बावीस वर्षं हे पाणीखात्यात मीटर वाचायला दारोदार फिरले. फिरता फिरता गाणी जुळवली, ती लोकांच्या तोंडी बसली, आणि त्याच लोकांनी यांना उचलून दोनदा सभागृहात नेऊन बसवलं. आता तिसऱ्यांदा उभे आहेत. "काय लिहू?" म्हटलं, तर म्हणाले, "लिही, घसा."

डॉक्टरीणबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या. आरसा घालून घसा बघता बघता म्हणाल्या, "तुमचं मीटरचं गाणं म्हणून माझी आई मला झोपवायची." हे म्हणाले, "मग फी कमी करा." बाई हसल्या नाहीत. आरशातच बघत राहिल्या. नवीन आहेत, घाबरत असतील.

तपासायला तुकडा काढून घेतला. आठवड्याने बोलावलंय.

९ फेब्रुवारी

कॅन्सर.

शब्द लिहून बघितला. लिहायला काही जड गेलं नाही.

बाईंनी कागदाच्या पाठीवर घशाचं चित्र काढलं आणि मधोमध फुली मारली. स्वरयंत्र सगळं काढावं लागेल. माणूस जगेल, मानेतल्या छिद्रातून श्वास घेईल, पण आवाज जाईल. दहा दिवसांच्या आत करू म्हणाल्या. यांनी विचारलं, "चौदा मार्चला मतदान आहे. त्यानंतर केलं तर?"

"आज गाठ काढता येते. पाच आठवड्यांनी येईल की नाही, ते मला आज सांगता येणार नाही."

"तुम्ही राजकारणात या. असं उत्तर आमच्यातही फार थोड्यांना जमतं."

परतताना कोपऱ्यावर एका बाईने ओळखून हात केला, तर यांनी थांबून तिच्या मुलाची नोकरी कशी चाललीय ते विचारलं.

खोकला मोजायचा राहिला.

११ फेब्रुवारी

दोन दिवस हेच चाललंय. मी म्हणते आधी ऑपरेशन, हे म्हणतात आधी मतदान.

"मुका माणूस कुणाला हवाय? भाषणाला मला कधी कुणी मत दिलंय? गाण्याला दिलंय."

"मग नका निवडून येऊ. मीटर वाचून संसार झालाच होता ना?"

"गाणं गेल्यावर मीटरपण कसं वाचू? मला नाही जमायचं गं."

मी रडले. रडून काही होत नाही ते मला माहीत आहे, पण झालं. तेव्हा हे म्हणाले, "बरं. तुझ्या देवावर सोडू. दोन चिठ्ठ्या कर, एकीवर 'आधी' लिही, एकीवर 'नंतर'. मी एक उचलतो. जे निघेल ते निमूट मान्य."

मला नवलच वाटलं. हे देवाला मानतात, पण लांबच्या नातेवाइकासारखं. समोर आला तर नमस्कार, नाही तर विचारपूस नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. एका कागदाचे दोन तुकडे केले. आणि इथे लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही: दोन्ही तुकड्यांवर 'आधी' लिहिलं. देवाला मनात म्हटलं, तुझं काम थोडं सोपं करतेय, रागावू नकोस. तुझीपण हीच इच्छा असणार.

देवापुढे दिवा लावला, चिठ्ठ्या ताटलीत ठेवल्या. यांनी एक उचलली. उघडली. चष्मा नव्हता म्हणून लांब धरली. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"नंतर," म्हणाले.

चिठ्ठीची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दाखवा म्हणावं, तर मी काय केलंय ते कळणार. ताटलीतली दुसरी चिठ्ठी तेवढ्यात मी उचलली आणि दिव्यावर धरली, न जाणो, यांनी तीही उघडली तर. बोट भाजलं. हे म्हणाले, "अगं, हळू."

१२ फेब्रुवारी

सकाळपासून विचार करतेय. दोन्हींवर मीच लिहिलं होतं, माझ्याच हाताने, निळ्या शाईने. मग 'नंतर' आलं कुठून?

चष्म्याशिवाय यांना दिसलं नसेल म्हणावं, तर सभेत तिसाव्या रांगेतला माणूस हे ओळखतात. लांबचं यांना उत्तम दिसतं आणि चिठ्ठी हातभर लांब धरली होती. आणि खोटं बोलतील म्हणावं, तर एकतीस वर्षांत माझ्याशी हे कधी खोटं बोललेले नाहीत. सभागृहातलं सोडा, तो धंदा आहे.

म्हणजे एकच उरतं. मी देवाला फसवायला गेले आणि देवाने माझी चिठ्ठी फिरवली. चोराच्या हातची लंगोटी म्हणतात तसंही माझ्या हाती काही राहिलं नाही, दुसरी चिठ्ठी मीच जाळली.

सदरा धुवायला घेताना खिसा चाचपला. रिकामा. देवाची वस्तू म्हणून वाहत्या पाण्यात सोडली असेल.

आजपासून एकवेळ जेवायचं ठरवलंय. प्रायश्चित्त म्हणून. यांना सांगितलं, पोट जड वाटतंय.

१५ फेब्रुवारी

नंतर तर नंतर. पण माझ्या हातात काहीच नाही असं नाही. जी वस्तू थोडी उरलीय ती पुरवून वापरायची, हे मला कुणी शिकवायला नको. साबणाचा उरलेला तुकडा नव्या साबणाला चिकटवून मी संसार केलाय. आवाज कमी वापरला तर गाठीलाही खतपाणी कमी मिळेल, असं मी धरलंय. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. त्या नाही म्हणाल्या तर काय करणार?

नियम असा: दिवसाला दोन गाणी. भाषण पाच मिनिटं. घरात पूर्ण मौन. लेकीची जुनी पाटी काढली, खडू दिला. चहा हवा तर कपावर चमचा दोनदा, मी कुठे आहे बघायचं असेल तर तीनदा.

यांनी पाटीवर लिहिलं, "आणि भांडायचं असेल तर?"

म्हटलं, "भांडण मतदानानंतर."

भावजी आले होते. यांचे धाकटे भाऊ, प्रचाराचं सगळं तेच बघतात. त्यांना फक्त घसा बसलाय एवढंच माहीत आहे. यांनी शपथ घातलीय. "वहिनी, दादाला तुम्ही अगदी रेशनवर ठेवलंत! लोक दोन गाण्यांवर सोडतात होय? ते समोरचे उमेदवार दातांचे डॉक्टर. त्यांना गाता येत नाही म्हणून ते सभेत पेढ्यासारखे ब्रश वाटतात." मी म्हटलं, "तुम्हीही ब्रश वाटा." हे इतके हसले की खोकला आला. तो माझ्याच खात्यावर.

खोकला एकूण एकवीस. त्यातले सहा भावजींमुळे.

२१ फेब्रुवारी

आज नियम मोडला. मीच मोडू दिला.

भावजींना प्रचारासाठी नवं गाणं हवंय. हे गाणं कधीच लिहून करत नाहीत. खोलीत येरझाऱ्या घालत पुटपुटतात, मी बाजूला बसून उतरून घेते. चुकलं तर थांबतात, जमलं तर चालत राहतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून असंच. आज पाटी पुढे केली, तर लिहिलं, "पाटीवर शब्द येतात, चाल येत नाही." म्हणून उद्याचं एक गाणं कमी करायच्या बोलीवर सोडलं.

व्हायोलिनवाले आले होते. पाणीखात्यात यांच्या शेजारच्या टेबलावर असायचे, तेव्हापासूनची साथ. त्यांनी सूर धरला आणि हे अगदी बारीक आवाजात म्हणू लागले:

*सांडलो तर सांडू द्या, ओंजळी तुमच्या भरू द्या,*
*फुटक्या घड्याला आता पाणवठ्याशी नेऊ नका.*

उतरून घेता घेता मी म्हटलं, "अहो, प्रचाराचं गाणं ना हे? निवडून द्या असं कुठे आलंय यात? फुटका घडा कोण, समोरचे?"

हे चालायचे थांबले. मला वाटलं माझं उतरवायला चुकलं. मग म्हणाले, "हो, समोरचेच."

व्हायोलिनवाल्यांनी वाद्य खाली ठेवलं आणि डोळे पुसले. धूळ गेली म्हणाले. खोली मी सकाळीच झाडली होती. त्यांना गेल्या काही दिवसांपासून डोळ्यांचं काही तरी झालंय, यांच्याकडे बघितलं की पाणी येतं. दाखवून घ्या म्हणून सांगितलं.

गाण्याला चाल मात्र फार गोड लागलीय.

२८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दूरच्या शहरात शिकवते. तिलाही काही सांगितलेलं नाही.

"बाबांना दे."

"झोपलेत गं."

"आई, सकाळचे अकरा वाजलेत."

"सभा असतात ना. घसा जपायचाय."

"म्हणजे हजार लोकांसाठी गातात, आणि माझ्याशी दोन शब्द बोलायला घसा नाही?"

हे समोरच उभे होते. खडू घेतला, पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: "दे." मी मान हलवली. उद्या दोन सभा आहेत, आणि लेक एकदा बोलायला लागली की अर्धा तास. यांनी 'दे' खाली रेघ मारली. मी फोन ठेवून दिला.

मग यांनी पाटी पुसली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. चहा नेला, तर कप घेतला नाही. चमचाही वाजवला नाही.

मी बरोबर केलं असं अजूनही वाटतंय. पण एकवेळचं जेवणही आज गेलं नाही, आणि त्याला उपासाचं निमित्तही नव्हतं.

६ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन, तिसरा. या वेळी रागावल्या होत्या.

"काकू, गाठ मतदानासाठी थांबत नाही."

"थोडेच दिवस राहिलेत, बाई. आवाज अगदी जपून वापरतोय आम्ही."

"आवाजाचं काय घेऊन बसलात? मी त्यांच्या जिवाबद्दल बोलतेय. तुम्ही त्यांना आणा. ते ऐकत नसतील तर मी येते घरी, त्यांच्याशी बोलते."

मी म्हटलं, देवाचा कौल झालाय. "कुणाचा?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काकू, तुमच्या मनात काय आहे? तुम्हाला काय वाटतं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. त्या घरी येते म्हणाल्या तर मी नको म्हटलं. त्या आल्या, बोलता बोलता चिठ्ठीचं निघालं, तर?

गिळायला पातळच लागतं आता. खोकला मोजणं सोडलंय.

१२ मार्च

शेवटची सभा. मी जात नाही सभांना, घरीच थांबले. संध्याकाळी यांना दोघांनी धरून आणलं, पण चेहरा असा, की जणू पंचवीस वर्षांचे होऊन आलेत. भावजींचा आवाज जिन्यातूनच ऐकू आला. "वहिनी, काय गायले आज! मैदान रडलं आणि हसलंसुद्धा. मी सगळं ध्वनिमुद्रित करून घेतलंय."

"किती गाणी?" मी विचारलं.

भावजी आणि व्हायोलिनवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. यांनी हाताची चार बोटं दाखवली. मग जरा थांबून अंगठाही वर केला.

मी यांच्या खिशातला रुमाल घेतला, मिठाच्या गार पाण्यात भिजत घातला. रक्ताला गरम पाणी चालत नाही.

१७ मार्च

निवडून आले. मागच्यापेक्षा जास्त मतांनी.

दारात माणसंच माणसं. "गाणं, गाणं" ओरडत होते. हे गॅलरीत उभे राहिले, हात जोडले, तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मग भावजींनी पुढे होऊन सांगितलं, की दादांनी तुमच्यासाठी घसा झिजवलाय. केवढ्या टाळ्या पडल्या! भावजी फार छान बोलतात. लोकांना आता त्यांचीही सवय होतेय.

आत आल्यावर हे भिंतीला टेकून बसले. मी म्हटलं, "झालं ना मनासारखं? आता मौन संपलं, बोला माझ्याशी काय बोलायचं ते." ओठ हलले. नुसती हवा. मी कान अगदी जवळ नेला, तरी नुसती हवा.

२० मार्च

बाईंनी पुन्हा चित्र काढलं. या वेळी फुली मारली नाही. गाठीपासून मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत एक रेघ ओढली आणि पेन ठेवलं. चिकटलीय. आता कापता येणार नाही. दुखणं कमी करायची औषधं देतील.

यांनी पाटीवर लिहिलं, "किती?" बाई म्हणाल्या, "उन्हाळाभर." यांनी मान हलवली, कुणी सभेची तारीख सांगितल्यासारखी.

बाहेर पडताना बाईंनी माझा हात धरला. काही तरी बोलतील, रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "उद्या निघते," एवढंच म्हणाली.

१८ एप्रिल

आज सांगून टाकलं. किती दिवस पोटात ठेवणार?

लेक औषधं आणायला गेली होती. हे पलंगावर, उशीला टेकून. मी पायाशी बसले आणि जमिनीकडे बघत म्हटलं, "अहो, त्या दिवशी दोन्ही चिठ्ठ्यांवर मी 'आधी'च लिहिलं होतं. मी देवाला फसवलं. म्हणून त्याने अक्षर बदललं, म्हणून तुमचं हे असं झालं. माझ्यामुळे झालं."

वर बघितलं तर हे माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकतीस वर्षांत मी यांना आई गेली तेव्हाच रडताना बघितलंय. पाटी मागितली. लिहीत राहिले. पाटी भरली. माझ्यापुढे धरली.

चष्म्याशिवाय मला ठिपकेच दिसत होते. म्हटलं, "थांबा, आणते चष्मा." तो नेमका सापडेना. देवापाशी होता, पोथी वाचताना काढून ठेवलेला. घेऊन आले, तर यांनी बाहीने पाटी पुसलेली.

"काय लिहिलं होतं?"

बराच वेळ खडू हातात धरून बसले. मग एकच शब्द लिहिला: "पाणी."

बघा, माणूस तहानलेला, एवढं लिहून लिहून पाणी मागतोय, आणि मी चष्मा शोधत फिरतेय. फुलपात्र भरून आणलं. दोन घोट घेतले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. म्हणजे माफ केलं असावं.

मन हलकं झालं. खोटं कशाला लिहू, पूर्ण नाही झालं.

३ जून

आज सकाळी सव्वासहाला गेले. लेक उशाशी, मी पायाशी. शेवटपर्यंत हाताच्या बोटांनी पलंगाच्या दांडीवर ताल चालू होता. तो थांबला तेव्हा कळलं.

१६ जून

माणसांची रीघ आता ओसरली. लेक परत गेली. जाताना विचारलं, "आई, बाबा शेवटचं काय बोलले तुझ्याशी?"

मी आठवायला बसले. पाटीवरचं नको, तोंडाने बोललेलं. सभांचं सगळं माहीत आहे, कुठे किती गाणी ते या वहीतच आहे. माझ्या वाटचं कुठे लिहून ठेवलेलंच नाही. आवाज होता तेव्हा मीच बोलू दिलं नाही.

लेक वाट बघत होती. म्हटलं, "स्वतःला जप म्हणाले."

तिला बरं वाटलं. देवाला सांगितलं, हेही माझ्या नावावर मांड.

९ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. यांच्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक आहे आणि भावजी उभे आहेत. दोन आठवडे झाले, प्रचाराची गाडी गावभर फिरतेय, वर कर्णा, कर्ण्यातून यांचा आवाज. बाजारात यांचा आवाज, पोस्टापाशी यांचा आवाज. मी खिडक्या लावून घेते. घरात इतकं शांत आहे, की नळ टपकला तरी दचकायला होतं.

आज गाडी नेमकी आमच्या दारात बंद पडली. इंजिन बंद, पण कर्णा चालू. फुटक्या घड्याचं गाणं पुरं झालं. चालक गाडीखाली शिरला होता, म्हणून ध्वनिफीत थांबवायला कुणी नव्हतं. टाळ्या वाजल्या. लोक "आणखी एक" ओरडत होते. आणि मग हे बोलले. गायले नाहीत, बोलले. घोगरा, दमलेला, पण यांचाच आवाज.

"आता पुरे रे बाबांनो. घरी आमची बाई बसलीय वही घेऊन. दिवसाला दोन गाणी, वर एक ओळसुद्धा नाही. घरात तर मला तोंड उघडायची बंदी. एकतीस वर्षं मी तिला बोलू दिलं नाही, आता सगळं एकदम वसूल करतेय!"

मैदानभर हशा. त्या हशातच यांचाही हसण्याचा आवाज.

मी कधी खाली आले कळलं नाही. पायात चपलाही नव्हत्या. पायरीवरच बसले.

चालक गाडीखालून बाहेर आला, मला बघून गोरामोरा झाला, धावत जाऊन बटण दाबलं. तेवढ्यात भावजीही आले. "माफ करा, वहिनी. गाणं संपलं की थांबवायचं असं ठरलेलं, ते बोलणं कापायचंच राहून गेलं. आजच कापतो. तुमची उगाच चेष्टा होते, लोक हसतात."

"हसू द्या," म्हटलं.

"अहो, पण..."

"भावजी, कापायचं नाही. लोकांना हसवायलाच बोललेत ते."

भावजींनी मला कधी असं बोलताना ऐकलेलं नाही. ते चालकाकडे बघू लागले, चालक माझ्याकडे.

मी त्याला म्हटलं, "गाणं राहू दे. त्याच्या पुढचं लाव."